ताई, तिकडे पाणी असतं का हो?

गेल्या अंकात युरोपच्या थंडीसाठी कपडे कसे न्यावेत यावर लिहिलं होतं. त्यानंतर पत्रं आली ती मात्र वेगळ्याच विषयावर, परदेशातल्या स्वच्छतागृहांवर, आणि बहुतेकांची सुरुवात ‘नाव छापू नका, पण…’ अशी. टूर मॅनेजर म्हणून मराठी मंडळींना घेऊन मी बरीच वर्षं हिंडते आहे. विमानतळावर पहिली ओळख झाली की कुणीतरी काकू मला हळूच बाजूला घेतात आणि हेच विचारतात. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे या एका विषयाला. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मेमध्ये ग्रुपबरोबर जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि पॅरिस अशी सहल आहे. माझी जाऊ जाऊन आली. ती म्हणते, ‘दिवसभर पाणीच पिऊ नका, म्हणजे प्रश्न मिटला.’ तिकडे म्हणे प्रत्येक ठिकाणी पैसे मोजावे लागतात आणि आत पाणीही नसतं. हे खरं का? मला रक्तदाबाची गोळी आहे. (सांगली)

काकू, बाकी सगळं नंतर. आधी पाणी. जाऊबाईंचा सल्ला मनापासून दिलेला असेल, पण तो कृपा करून पाळू नका. पाणी न पिता दिवसभर बसमध्ये बसलेल्या बायकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी जळजळ आणि ताप सुरू झालेला मी पाहिला आहे. परक्या गावात रविवारी डॉक्टर शोधणं ही केवढी यातायात असते! बद्धकोष्ठ होतो, चक्कर येते ते वेगळंच. तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

बस थांबेल की नाही, ही धास्ती तर सोडूनच द्या. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाला सलग साडेचार तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. त्या अवधीत त्याला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि ती 15 आणि 30 मिनिटं अशी दोन वेळा घेता येते. त्यामुळे साधारण दोन तासांनी बस थांबवणं आम्हाला सोयीचंच असतं. तरीही मध्ये गरज पडली तर टूर मॅनेजरला सरळ सांगा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, ते आमचं कामच आहे. फक्त महामार्गावर बस कुठेही कडेला घेता येत नाही, पुढचा थांबा यावा लागतो. म्हणून ‘अगदीच’ होईपर्यंत थांबू नका, अर्धा तास आधी सांगा.

आता पैशांचं. जर्मनीत महामार्गावरच्या बहुतेक थांब्यांवर ‘सॅनिफेअर’ची स्वच्छतागृहं आहेत. दाराशी मेट्रो स्टेशनवर असतं तसं फिरतं गेट असतं. 1 युरोचं नाणं टाकायचं किंवा कार्ड टेकवायचं, की एक कुपन बाहेर येतं. ते फेकू नका! पूर्वी 70 सेंट घेऊन 50 सेंटचं कुपन देत. 2022च्या शेवटापासून 1 युरो घेतात आणि कुपनही 1 युरोचंच देतात. तिथल्या दुकानात कॉफी किंवा बिस्किटं घेताना ते वळतं करता येतं. लहान मुलांसाठी बाजूला छोटं फुकट गेट असतं. आत गेल्यावर काही ठिकाणी फ्लश केलं की कमोडची सीट आपोआप गोल फिरते आणि पुसली जाते. ती फिरताना पाहून घाबरून बाहेर येऊ नका.

स्वित्झर्लंडच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवरही पैसे लागतात, पण तिथे फ्रँक चालतो हे लक्षात ठेवा. रेल्वेच्या डब्यात मात्र फुकट. म्हणून गाडीतून उतरायच्या दहा मिनिटं आधी जाऊन यायची सवय ठेवा. इतर देशांत काही ठिकाणी यंत्र नसतं, दाराशी टेबल मांडून बाई बसलेली असते आणि पुढ्यात बशी असते. तिच्यात 50 सेंट ठेवून हसून पुढे जायचं. नाण्यांसाठी एक वेगळा बटवा गळ्यात ठेवा, आणि मोठी नोट मोडली की पहिली नाणी त्यात टाका.

पॅरिसमध्ये फुटपाथवर राखाडी रंगाच्या बंद खोल्या दिसतील. त्यांना ‘सानिझेत’ म्हणतात. 2006 पासून त्या फुकट आहेत. हिरवा दिवा म्हणजे आत कुणी नाही. बटण दाबलं की दार सरकतं, आत गेल्यावर ते बंद होतं. एक जण बाहेर आला की दार मिटतं आणि खोली आतून आपोआप धुतली जाते. आपल्या ग्रुपमध्ये हमखास काय होतं सांगते. पहिली बाहेर येते आणि ‘जा गं पटकन’ म्हणत मैत्रिणीसाठी दार धरून ठेवते. तसं करायचं नाही. दार मिटू द्या, धुवून होऊ द्या, पुन्हा हिरवा दिवा लागला की मगच दुसरीने आत जायचं. नाहीतर धुण्याचं पाणी चपलांवर यायचं. आणि आत वीस मिनिटांहून जास्त रेंगाळू नका, वेळ संपली की दार उघडतं.

इटलीत सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ‘बार’. नावाने दचकू नका, तिकडे बार म्हणजे कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान. काउंटरवर उभ्याने एक कॉफी घ्यायची (बसून घेतली तर महाग पडते) आणि ‘बान्यो?’ एवढंच विचारायचं. किल्ली देतात किंवा बोट दाखवतात. हॉटेलात कमोडच्या शेजारी तसंच एक बुटकं भांडं दिसेल, नळ असलेलं. तो बिडे. इटलीत घरात बिडे असावाच असा 1975 पासूनचा नियम आहे. कमोडवरून उठून त्यावर बसायचं आणि साबण-पाण्याने स्वच्छ व्हायचं, त्याचं काम तेच. त्यात पाय धुवू नका आणि कपडे भिजत घालू नका. शॉवरजवळ एक दोरी लोंबत असते. ती ना कपडे वाळत घालायला, ना फ्लशची. ती मदतीची घंटा आहे. ओढली की खालून माणूस धावत येतो.

राहिलं पाणी. बिडे सोडला तर जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्समध्ये आत पाणी नसतं, कागद असतो. उपाय घरून न्यायचा : मऊ, दाबता येणारी, बारीक नळीचं झाकण असलेली बाटली. ‘ट्रॅव्हल बिडे’ म्हणून मिळतेही. विमानात हँडबॅगेतून रिकामी न्या, सुरक्षातपासणी झाली की भरा. थांब्यावर आत जाण्याआधी बेसिनवर भरून घ्यायची. कमोडवर नीट बसूनच राहायचं, आधी कागद, मग थोडं पाणी आणि शेवटी पुन्हा कागदाने कोरडं. कागद भांड्यात टाका. ओले वाइप्स मात्र कचऱ्याच्या डब्यात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी. सीट अस्वच्छ वाटली तर पुसा, वर कागद पसरा, पण सीटवर पाय ठेवून उकिडवं बसू नका. ती सीट त्या वजनासाठी नसते. खालचं भांडं फुटलं तर चिनी मातीने मांडी कापते.

प्रश्न : मुलाकडे जर्मनीला तीन महिन्यांसाठी आले आहे. सूनबाई चांगली आहे, पण बाथरूममध्ये जमिनीवर थोडं पाणी सांडलं की तिचा चेहरा पडतो. रोज किती म्हणून पुसायचं? कमोडला जेट बसवा म्हटलं तर मुलगा टाळतो. आयुष्यभर मोरीत अंघोळ केलेल्या माणसाने करायचं काय? (नाशिक)

वहिनी, तुमची अडचण कळते, पण या बाबतीत सूनबाईचं बरोबर आहे. तिकडच्या बहुतेक बाथरूमला जमिनीत जाळीच नसते. पाणी जायला वाट फक्त टबातून किंवा शॉवरच्या चौकोनातून. बाहेर सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून मुरतं आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर डाग उमटतो. मग घरमालकाचं पत्र येतं, भरपाई येते. सूनबाईचा चेहरा पडतो तो त्या पत्राच्या धाकाने.

अंघोळ मात्र आपल्या पद्धतीनेच करा. शॉवरच्या चौकोनात एक बादली, मग आणि प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ठेवा. दार नीट लावा. टब असेल तर पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडा. ते बाहेर राहिलं की सगळं पाणी त्यावरून ओघळून जमिनीवर येतं. हे एवढं एक जरी जमलं तरी निम्मं पुसणं वाचेल. अंघोळ झाली की काच रबरी पट्टीने निपटायची आणि खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, थंडी असली तरी. भिंतींना बुरशी धरू नये म्हणून भाडेकरूने हवा खेळती ठेवावी अशी तिकडे अपेक्षा असते आणि बऱ्याच भाडेकरारांत ते लिहिलेलंही असतं.

जेटचं म्हणाल तर मुलगा बहुधा भाड्याच्या घराचा विचार करत असेल. नळाच्या जोडणीत फेरफार करायचा तर घरमालकाला विचारलेलं बरं. आणि बसवला तर एक पथ्य : वापरून झाला की भिंतीवरचा कॉक बंद करायचा. नुसता हातातला खटका सोडला तर नळीत दाब तसाच राहतो, आणि एखाद्या रात्री नळी सुटली की घरात तळं. जमेपर्यंत वर सांगितलेली बाटली वापरा. जेट म्हणजे काही आपल्याच लोकांचं खूळ नाही, फिनलंडमध्ये घरोघरी बेसिनच्या नळाला जोडलेला छोटा हातशॉवर असतो. मुलाला हे जरूर सांगा.

आणि काका बरोबर असतील तर त्यांनाही एक सांगा. जर्मन घरांत पुरुषांनीही बसूनच लघवी करावी असा रिवाज आहे, पाहुण्यांसाठी तशी पाटीही लावतात. मुलाच्या मित्रांकडे जेवायला गेलात तर उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, मी आणि आजी वसंतात जपानला जातोय. तिकडच्या टॉयलेटला म्हणे विमानासारखी बटणं असतात. आजीला तिथे आत एकटं सोडून मी कुठे जाऊ शकेन असं वाटत नाही! (ठाणे)

आजींना निर्धास्त ने. स्वच्छतागृहांच्या बाबतीत मराठी माणसाला जपानइतका आराम मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पाणी आहे, तेही कोमट. रेल्वे आणि मेट्रोच्या स्टेशनांवर फुकट आणि स्वच्छ असतात. बऱ्याच ठिकाणी ती तिकिटाच्या गेटच्या आत असतात, म्हणून बाहेर पडण्याआधीच जाऊन या.

बटणांचं असं : ‘टोटो’ कंपनीने 1980 मध्ये ‘वॉशलेट’ बाजारात आणलं, तेव्हापासून ही सोय घराघरात पोचली. आजींना तीनच बटणं शिकव. मागच्या बाजूने धुण्याचं, बायकांसाठी पुढून धुण्याचं (त्यावर बहुधा बाईचं चित्र असतं), आणि बंद करण्याचं, ज्यावर चौकोन असतो. पहिल्या दिवशी हॉटेलात बंद करण्याचं बटण आधी शोधा, मग बाकीची. पाणी सुरू असताना घाबरून उठायचं नाही, आधी चौकोन दाबायचा. फ्लश कधी भिंतीवर असतो, कधी मागच्या टाकीच्या बाजूला. त्यावर दोन अक्षरं असतात. हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं ते मोठ्या फ्लशचं, दुसरं छोट्याचं. संगीताचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती सोय आहे. लाजऱ्या आजींना ते सगळ्यात आवडेल बघ.

कागद तिथेही भांड्यातच टाकायचा. हात पुसायला मात्र बऱ्याच ठिकाणी काही नसतं. जपानी माणसं छोटा टॉवेल खिशात घेऊनच फिरतात, तुम्हीही दोन रुमाल ठेवा. जुन्या देवळांत, बागांत भारतीय पद्धतीची भांडी अजून भेटतात. फरक एवढाच की तिथे उंचवट्याकडे तोंड करून बसतात. आणि जपानी पद्धतीच्या घरात किंवा र्‍योकानमध्ये (तिकडच्या पारंपरिक सराईत) उतरलात तर शौचालयाच्या दाराशी वेगळ्या सपाता असतात. त्या आत घालायच्या आणि तिथेच काढायच्या. त्याच पायांत ठेवून तातामीच्या चटईवर येणं म्हणजे आपल्याकडे चपलांसकट देवघरात जाणं.

टोकियोत शिबुया भागात शिगेरु बान या वास्तुरचनाकाराची रंगीत काचेची स्वच्छतागृहं आहेत, 2020 मध्ये बांधलेली. रिकामी असताना आरपार दिसतात, म्हणजे आत स्वच्छ आहे, कुणी लपलेलं नाही, हे बाहेरूनच कळतं. कडी लावली की काच अपारदर्शक होते. बाईच्या मनातली भीती ओळखून कुणीतरी एवढा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. मुद्दाम जाऊन बघा.

प्रश्न : वय 68, प्रोस्टेटचा त्रास. दर दीड तासाला जावंच लागतं. मुलगी लंडनला बोलावते आहे, पण या एका कारणाने मी नाही म्हणत आलोय. (कोल्हापूर)

काका, तिकीट काढा. लंडनची ‘नेटवर्क रेल’ची मोठी स्टेशनं, म्हणजे किंग्ज क्रॉस, युस्टन, व्हिक्टोरिया वगैरे, तिथली स्वच्छतागृहं 2019 पासून फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी अशा ठिकाणी प्रवेशालाच पैसे नाहीत, त्यामुळे खास स्वच्छतागृहासाठी आत शिरलात तरी कुणी अडवत नाही. अडचण आहे ती भुयारी रेल्वेत. मधल्या लंडनच्या बऱ्याच स्टेशनांत सोय नाही. लंडनच्या वाहतूक खात्याने कुठे आहे आणि कुठे नाही हे दाखवणारा नकाशाच काढला आहे, तो मुलीला फोनवर उतरवून ठेवायला सांगा आणि दिवसाचा मार्ग त्यावर आखा. पबमध्येही काउंटरवर नम्रपणे विचारलं तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

तुमच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी घ्या, कारण लिहून. ती नुसती दाखवली की बरेच दुकानदार आतलं दार उघडून देतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. ‘जस्ट कान्ट वेट’ नावाचं कार्डही याच कामासाठी तिकडे असतं. विमानात कडेची सीट आधीच घेऊन ठेवा. अपंगांसाठीची स्वच्छतागृहं पुष्कळदा कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली अपंगत्व किंवा आजार असलेल्यांसाठी असते. तुमच्या बाबतीत ती घेता येईल का, ते मुलीला तिथे विचारू द्या. तिथली लाल दोरी मदतीची. साध्या बाथरूममधली पांढरी दोरी बहुधा दिव्याची असते, तिकडे दिवा दोरी ओढूनच लावतात.

प्रश्न : ग्रीस आणि तुर्कस्तानात कमोडशेजारी कचऱ्याचा डबा का असतो? (पणजी)

वापरलेला कागद टाकायला. ग्रीसमध्ये सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, कागदाने तुंबतात. तिथे कागद भांड्यात टाकलात तर फ्लशचं पाणी वर येईल. डब्याचं झाकण लावा, बस. तुर्कस्तानात तुम्हाला बरं वाटेल : कमोडच्या आतच मागच्या बाजूला छोटी नळी असते आणि तिचा नळ बाजूच्या भिंतीवर. तो हळू उघडा. कागद नुसता कोरडं करायला. गावात फिरताना मशिदीजवळ स्वच्छतागृह नक्की सापडतं, बऱ्याच ठिकाणी थोड्या लिरा लागतात. ‘बाय’ पुरुषांचं आणि ‘बायान’ बायकांचं. आपल्या कानांना नेमकं उलटं वाटतं, सांभाळा.

प्रश्न : अ‍ॅमस्टरडॅमला कालव्याच्या कडेला पुरुषांसाठी उघड्या मुताऱ्या, फुकट. मला मात्र पैसे मोजून, रांग लावून जावं लागलं. पुढारलेल्या देशात हे कसं चालतं? (मुंबई)

चालू नये. आणि तिथल्या बायकांनी ते चालू दिलेलं नाही. 2015 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला रात्री जवळपास स्वच्छतागृह नसल्याने आडोशाला बसलेल्या एका तरुणीला दंड झाला. ती न्यायालयात गेली. 2017 मध्ये न्यायाधीशांनी तिला सांगितलं की पुरुषांची मुतारी वापरता आली असती! त्यावर देशभर बायकांनी निषेध केला, मुताऱ्यांपुढे उभं राहून फोटो काढले. त्यानंतर बायकांसाठी आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसांसाठी जास्त स्वच्छतागृहं बांधायला पैसे काढण्याचं शहराने कबूल केलं.

तुम्ही मुंबईच्या आहात, म्हणून आठवण करून देते. 2011 मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती याच अन्यायावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा हिशेब तिथल्या कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांत फिरून महापालिकेपुढे ठेवला. मला त्या बायकांचा फार आदर वाटतो. परदेशात पैसे देताना मला चीड येत नाही, स्वच्छ ठेवायला माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो. पण पैसे द्यायचे तर दोघांनी द्यावेत.

तिथे पुन्हा गेलात तर ‘होखे नोट’ (HogeNood) हे अ‍ॅप फोनवर घ्या. जवळचं स्वच्छतागृह कुठे, पैसे किती, उघडं कधी, सगळं दाखवतं.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत युरोपचा प्रवास येतोय. पॅड टाकायचं कुठे? कुणाला विचारू? (लातूर)

मला विचारलंस ते छान केलंस. तिकडे बायकांच्या बहुतेक खणांत कमोडशेजारी झाकणाचा छोटा डबा असतो, बहुतेक ठिकाणी कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्याही टांगलेल्या असतात. पॅड पिशवीत गुंडाळून त्या डब्यात. भांड्यात कधीच नाही. गाडीतल्या आणि विमानातल्या शौचालयात तर मुळीच नाही, तिथे हवेने ओढून घेतात, लगेच तुंबतं. पॅड इथूनच ने, तुझ्या सवयीचे, दोन दिवसांचे जादा. वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे आणि काळ्या पिशव्या एका पाउचमध्ये घाल, आणि ते पाउच मोठ्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पर्समध्ये ठेव. मोठी बॅग बसच्या पोटात जाते आणि संध्याकाळी हॉटेलवरच हातात येते.